हानेदा ते नारिता

जाधव सरांचा फोन आला तेव्हा माझ्या स्क्रीनवर उत्तर ध्रुव होता.

"सायली मॅडम, तुम्ही पाठवलेलं तिकीट बरोबर आहे ना?"

"हो सर. का?"

"काउंटरवरची मुलगी बोर्डिंग पास देत नाहीये. जपानचा व्हिसा दाखवा म्हणतेय."

"पण तुम्ही जपानला कुठे चाललाय? तुम्ही मेक्सिकोला चाललाय."

"मीही तिला तेच सांगितलं."

त्यांच्या मागे कुठल्यातरी विमानाची घोषणा चालू होती. मी खुर्चीतून उभी राहिले. उभं राहून काय करणार होते, ते मला माहीत नव्हतं. शुक्रवारची संध्याकाळ होती. गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात अर्धे लोक निघायच्या तयारीत होते. मी पाण्याची बाटली हातात घेतली आणि परत ठेवली.

"सर, तुम्ही तिथेच थांबा. मी मॅडमना विचारून सांगते."

"थांबतोच आहे," ते म्हणाले. "जाणार कुठे?"

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील केंद्र सरकारच्या एका ऑफिसात शिपाई आहेत. आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत राहतो. आमच्या गच्चीवरून विमानं इतकी खाली दिसतात की पोटाखालची चाकंही मोजता येतात. त्यात बसलेलं मात्र घरात कोणी नाही. आणि मी इंटर्नशिप करते एका ट्रॅव्हल डेस्कवर. त्यामुळे विमानप्रवासाबद्दल मी काही लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या डेस्कच्या प्रमुख वैदेही मॅडम म्हणाल्या, "तूच लिही. आम्हाला यात काही नवल वाटेनासं झालंय, तोच तर प्रॉब्लेम आहे."

ट्रॅव्हल डेस्क म्हणजे काय, ते आधी सांगते. मोठ्या कंपन्या आपल्या माणसांची तिकिटं स्वतः काढत नाहीत. ते काम आमच्यासारख्या एजन्सीला देतात. आम्ही विमान शोधतो, तिकीट काढतो, हॉटेल बघतो, आणि मध्येच काही अडलं तर फोन उचलतो. आमच्याकडे गुरुग्रामजवळच्या मानेसरची एक जपानी कंपनी आहे. ती गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवते. तिचा एक कारखाना मेक्सिकोत आहे. मानेसरमधले जपानी इंजिनिअर तिकडे सारखे येत-जात असतात.

अशा नेहमीच्या प्रवासांसाठी सिस्टिममध्ये 'सेव्हड रूट' असतो. म्हणजे एकदा चांगला रस्ता सापडला की तो नाव देऊन ठेवून द्यायचा. पुढच्या वेळी पुन्हा शोधाशोध नको. नाव टाकायचं, तारीख टाकायची, झालं. मानेसर ते मेक्सिकोचा रूट नितीन सरांनी पूर्वी कधीतरी सेव्ह केला होता. नितीन सर माझे सीनिअर. पक्के दिल्लीवाले, कामाला फार वेगवान. त्याच कंपनीच्या जाधव सरांचं तिकीट त्यांनी चहा संपायच्या आत काढलं होतं.

माझ्याकडे काम होतं ट्रिप शीट बनवायचं. हा एका पानाचा कागद प्रवाशाला पाठवतात. कुठून निघायचं, कुठे बदलायचं, अंतर किती, वेळ किती, पोहोचाल तेव्हा तिकडे किती वाजलेले असतील, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. हे काम मला मनापासून आवडतं. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर सांगणाऱ्या वेबसाइट असतात. दिल्ली आणि मेक्सिको सिटी टाकलं की साधारण साडेचौदा हजार किलोमीटर येतात. आणि नकाशावर जी रेघ येते ती बघून मी पहिल्यांदा घाबरलेच होते. ती ना पूर्वेला जाते, ना पश्चिमेला. ती सरळ वर जाते, उत्तर ध्रुवाच्या जवळून पलीकडे उतरते.

यात चूक काही नाही. पृथ्वीच्या गोळ्यावर दिल्लीला बोट ठेवा, मेक्सिकोला दुसरं बोट ठेवा आणि मध्ये दोरा ताणा. दोरा ध्रुवाजवळूनच जाईल. मेक्सिको गोळ्याच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूलाच आहे. म्हणून पूर्वेकडून गेलं काय आणि पश्चिमेकडून गेलं काय, फार फरक पडत नाही. वेबसाइट पुढे असंही सांगते की या अंतराला सतराएक तास लागतील. ते मात्र खरं धरायचं नसतं. ती फक्त अंतराला विमानाच्या वेगाने भागते. तसं थेट विमानच नाही. माणसाला कुठेतरी उतरावं लागतं, बसावं लागतं, पुन्हा चढावं लागतं. त्या सगळ्याला मिळून प्रवासाचा वेळ म्हणायचं.

सेव्हड रूट पूर्वेकडून होता. दिल्लीहून संध्याकाळी निघायचं, सकाळी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरायचं. तिथून बसने टोकियोच्याच दुसऱ्या विमानतळावर जायचं. त्याचं नाव नारिता. नारिताहून दुपारचं मेक्सिको सिटीचं विमान. यात एक गंमत आहे. मध्ये तारीख बदलायची रेषा लागते, त्यामुळे नारिताहून शनिवारी दुपारी निघालेला माणूस मेक्सिकोत शनिवारीच, आणि घड्याळात निघाल्याच्या आधी पोहोचतो. ट्रिप शीटवर ते लिहिताना मी तीनदा तपासलं होतं.

हानेदा ते नारिता या ओळीपुढे सिस्टिमने लिहिलं होतं, 'एअरपोर्ट चेंज'. मी नितीन सरांना विचारलं होतं.

"सर, यह बीच में बाहर निकलना पड़ेगा क्या?"

"हाँ, बस है ना. हानेदा के बाहर से ही मिलती है."

"तो कोई दिक्कत नहीं?"

"अरे सब यही रूट लेते हैं यार. आज तक किसी ने कंप्लेंट नहीं की. बिल्कुल टेंशन मत ले."

मी टेन्शन घेतलं नाही. सब म्हणजे कोण, हे विचारायला हवं होतं असं आता वाटतं. तेव्हा ते सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारलं असतं का, सांगता येत नाही. तेव्हा मी एक प्रश्न विचारला की दिवसभर तोच डोक्यात घोळवायचे.

तर, फोन आला. मी वैदेही मॅडमच्या टेबलाशी गेले. मॅडम मूळच्या पुण्याच्या, दिल्लीत बरीच वर्षं आहेत. त्या लॅपटॉप बंद करत होत्या.

"मॅडम, जाधव सरांना काउंटरवर अडवलंय. जपानचा व्हिसा मागतायत."

"जपानचा? ट्रान्झिटला कशाला?" त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला. तिकीट बघितलं. त्यांचा हात तसाच थांबला.

"हानेदा-नारिता," त्या म्हणाल्या. "अरे देवा."

"काय झालं?"

"सायली, एकाच विमानतळावर विमान बदललं तर आपला माणूस जपानमध्ये शिरतच नाही. आतल्या आत राहतो. त्याला व्हिसा लागत नाही. पण हा बसने जाणार आहे. बस कुठून जाते?"

"रस्त्यावरून."

"रस्ता कुणाचा?"

"जपानचा."

नितीन सरही उठून आले. त्यांनी स्क्रीन बघितली. "लेकिन मॅडम, इस रूट पर तो सब..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले.

"सब कौन, नितीन? नाम बोलो."

त्यांनी सिस्टिममध्ये जुनी बुकिंग उघडली. आम्ही तिघं वाकून बघत होतो. मोरी. इतो. साकाई. पुन्हा मोरी. खाली खाली जात राहिलो. मला वाटलं, कुठेतरी एखादा शर्मा, एखादा यादव येईल. आला नाही.

ते सगळे जपानी होते. हानेदाला उतरून बाहेर पडणं म्हणजे त्यांच्यासाठी आपल्या घरी उतरणं होतं. बस पकडायची आणि जायचं. त्या रस्त्यात काही दोष नव्हता. तो इतक्या लोकांनी वापरला आणि एकदाही बिघडला नाही, कारण मानेसरहून मेक्सिकोला आजवर एकही भारतीय माणूस गेला नव्हता. जाधव सर पहिले.

ते कळलं तेव्हा मला धक्काच बसला. चूक कळल्याचा धक्का वेगळा असतो. हा तसा नव्हता. कारखाना मानेसरात. साचे मानेसरात बनतात. सकाळी कंपनीच्या बसमधून शेकडो माणसं उतरतात. आणि त्या यादीत एक नाव नाही.

"चल," मॅडम म्हणाल्या. "एअरपोर्टला जाऊ. माणूस तिथे अडकलाय आणि आपण इथे बसून फोन करायचे, हे मला जमणार नाही. नितीन, तू इथून सीट बघ. अमेरिकेमार्गे नको."

कॅबमध्ये मी विचारलं, अमेरिकेमार्गे का नको. मॅडम म्हणाल्या, तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपातल्या काही ठिकाणी लागतो, काही ठिकाणी नाही, आणि नियम बदलत राहतात. मी खिडकीतून बघत होते. मगाशी स्क्रीनवर जो गोळा होता, तो मला आता वेगळाच दिसायला लागला. कुठे कुठे नुसत्या भिंती. त्या यादीतल्या मोरी-सानच्या गोळ्यावर त्या नसतीलच.

जाधव सरांचं नेमकं काय पणाला लागलं होतं, तेही मॅडमनी कॅबमध्येच सांगितलं. गाडीचा डॅशबोर्ड ज्या साच्यातून निघतो, त्याला मोल्ड म्हणतात. नव्या गाडीचा मोल्ड जाधव सरांच्या टीमने मानेसरात तयार केला, चालवून बघितला, आणि मग तो जहाजाने मेक्सिकोला गेला. सोमवारी सकाळी तिथे त्याची पहिली ट्रायल होती. जो ट्रायल घेईल तोच पुढे तिकडच्या लाइनचा इन्चार्ज होणार, असं ठरलं होतं. दोन वर्षांची पोस्टिंग, कुटुंबासकट. त्यासाठी मोरी-साननी, म्हणजे मानेसरच्या जपानी प्रमुखांनी ('सान' म्हणजे जपानीतलं 'जी'), जाधव सरांचं नाव पुढे केलं होतं. आणि ते पोहोचले नाहीत तर? तर जपानमधल्या नागोयाहून इतो-सान जातील; ते आता तिकडेच असतात. त्यांना नारिताहून एकच विमान लागतं.

टर्मिनल तीनच्या गेटवर मी पहिल्यांदाच उभी होते. बंदूक घेतलेल्या जवानाने हात आडवा केला.

"टिकट?"

"टिकट नहीं है भैया. हमारा पॅसेंजर अंदर फँसा है."

"तो अंदर वाला बाहर आएगा, मॅडम. बाहर वाला अंदर नहीं जाएगा."

पण अंदर वालाही सहज बाहेर येऊ शकत नव्हता. एकदा आत गेलेल्या प्रवाशाला बाहेर काढायला एअरलाइनचा माणूस सोबत लागतो, आणि तो माणूस येत नव्हता. म्हणून आम्ही काचेच्या बाहेर, जाधव सर काचेच्या आत. ते आम्हाला दिसत होते. उंच, चष्मा, नवं जॅकेट. इतक्या उकाड्यात जॅकेट. त्यांनी हात हलवला. मीही हलवला.

"तुम्हीच का सायली मॅडम?"

मी वळले. मागे एक बाई उभ्या होत्या, सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. जाधव सरांच्या पत्नी, रूपाली वहिनी. सोडायला आल्या होत्या आणि घरी गेल्याच नव्हत्या.

"फोनवर मोठ्या वाटला होतात," त्या म्हणाल्या.

"मी... ट्रेनी आहे."

"अच्छा. आमचाही हा पहिलाच अनुभव आहे. म्हणजे आपण सगळेच नवीन." त्या हसल्या नाहीत. "मला एक सांगा, यांना नक्की कुठे जाता येत नाहीये?"

मी सांगितलं. एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर. बसने. मध्ये सत्तरऐंशी किलोमीटर.

"सत्तर?" त्या म्हणाल्या. "अहो, हे रोज कंपनीच्या बसने द्वारका ते मानेसर जाऊन-येऊन तेवढेच करतात! पृथ्वीच्या पलीकडे जायला परवानगी आहे आणि तेवढ्या बसला नाही?"

"नाही."

"कोणी ठरवलं हे?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी एका सामानाच्या ट्रॉलीवर लॅपटॉप ठेवला होता आणि नितीन सरांशी बोलत होत्या. मुलगी माझ्याकडे एकटक बघत होती.

"बाबांनी मला स्पॅनिश शिकायला लावलंय," ती म्हणाली. "गेले नाहीत तर ते बंद होणार का?"

"इरा, गप्प बस," वहिनी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "मी शाळेत शिकवते. पुढच्या सत्राला येणार नाही म्हणून कळवून टाकलंय."

मी सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला सॉरी?" पण 'तुम्ही'वर जोर होता.

तेवढ्यात मोरी-सानचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर टाकला, म्हणजे मलाही ऐकू यावं. मॅडम त्यांना सगळं समजावून सांगत होत्या. व्हिसा, एअरपोर्ट चेंज, भारतीय पासपोर्ट.

मग मोरी-सान हळू आवाजात म्हणाले, "बट आय ऑलवेज टेक धिस रूट."

"येस, मोरी-सान. यू कॅन."

"द बस इज व्हेरी कम्फर्टेबल."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. ते खरंच सांगत होते. त्यांना खरंच कळत नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या बसमध्ये बसून ते कॉफी प्यायले असतील, तिच्यात जाधव बसू शकत नाहीत, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आमच्याही नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्या आवाजात माझ्याइतकाच गोंधळ होता.

मग ते म्हणाले की हेड ऑफिसला आजच सांगावं लागेल. ट्रायल पुढे ढकलता येणार नाही. जाधव सोमवारी पोहोचतील याची खात्री नसेल तर इतोला उद्या निघायला सांगतो.

"वन अवर," मॅडम म्हणाल्या. "प्लीज."

फोन ठेवल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "दिल्ली-नारिता, सरळ नारितालाच उतरणारं विमान बघ. म्हणजे बसच नको."

मी त्यांच्या फोनवर बघितलं. उद्याचं होतं, पण पूर्ण भरलेलं. नितीन सरांनीही तेच कळवलं. परवाचं घेतलं तर मेक्सिको सिटीत रविवारी उतरणार नाहीत, आणि तिथून कारखान्याच्या गावाला पुन्हा एक छोटं विमान आहे. मी त्या उकाड्यात उभी राहून तोच नकाशा उघडला. ध्रुवावरून जाणारी रेघ. मी मगाशी लिहिलंय ना, पूर्वेकडून जा नाहीतर पश्चिमेकडून, सारखंच पडतं. ती रेघ मी ट्रिप शीट बनवताना पन्नास वेळा बघितली असेल. पण पूर्वेचा रस्ता सेव्ह केलेला होता, म्हणून पश्चिमेकडे आम्ही कोणी बघितलंच नव्हतं.

"मॅडम, इस्तंबूल?"

"तिथे आत राहून विमान बदलता येतं?"

"तपासते." मी व्हिसाच्या नियमांची सिस्टिम उघडली. या वेळी पहिल्या रकान्यात प्रवाशाचं नागरिकत्व टाकलं. मग मेक्सिकोचा व्हिसा आहे, असं टाकलं. मग इस्तंबूल. उत्तर आलं. मी ते मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग नितीन सरांना वाचायला लावलं.

"ठीक है मॅडम," स्पीकरवर नितीन सर म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "ट्रान्झिट ओके है. मैंने दो बार देखा."

"सीट?"

"एक है. सबसे पीछे, बीच वाली. इस्तंबूल में लगभग पूरा दिन बैठना पड़ेगा."

"कधी पोहोचतील?"

"रविवारी," मी म्हणाले. "गावाचं विमान धरून रविवारी संध्याकाळपर्यंत."

तेवढ्यात एअरलाइनचा माणूस जाधव सरांना घेऊन गेटबाहेर आला. बॅग, जॅकेट, कपाळावर घाम. ते थेट मॅडमकडे आले.

"काय मॅडम, घरी जाऊ का?"

"सर, उद्या सकाळचं विमान आहे, इस्तंबूलमार्गे. रविवारी संध्याकाळी पोहोचाल. पण मोरी-सान इतोंना पाठवायच्या बेतात आहेत. मी बोलते त्यांच्याशी."

"तुम्ही नको. मी बोलतो."

त्यांनी फोन लावला. वहिनी जवळ आल्या. मला वाटलं ते चिडून बोलतील, किंवा विनवणी करतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. इंग्रजी, थोडं जपानी, अशा कारखान्यातल्या भाषेत बोलले. मला समजलं ते एवढंच.

"मोरी-सान. जाधव. संडे इव्हनिंग आय रीच. मंडे मशीन स्टार्ट, आय ॲम देअर. येस. येस, सीट कन्फर्म. नो, नो बस." मग थोडं थांबले. "मोरी-सान, इतो-सान व्हेरी गुड. बट धिस मोल्ड, ही हॅज नॉट सीन. आय हॅव सीन. यू नो."

पलीकडे मोरी-सान काहीतरी बोलले. जाधव सर "हाय, हाय" म्हणत राहिले. जपानीत 'हाय' म्हणजे हो. त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसला.

"काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

"रविवारी रात्री पोहोचल्याचा फोन कर म्हणाले. इतोला थांबवतो म्हणाले." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, या तुर्कांच्या विमानतळावर मला बसबिस नाही ना पकडायची?"

"नाही सर. आतच बसायचंय. बाहेर अजिबात पडू नका."

"दिवसभर?"

"हो."

"पडणार नाही. टॉयलेटला विचारून जाईन."

तेव्हा वहिनी हसल्या. मी हसू शकले नाही. नितीन सरांनी तिकीट पाठवलं, मी गेटच्या बाहेर उभी राहून नवीन ट्रिप शीट लिहिली, आणि शेवटी खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कुठेही विमानतळाबाहेर जायचं नाही.' असं वाक्य आमच्या फॉरमॅटमध्ये नाही. मॅडमनी ते काढलं नाही.

रविवारी जाधव सर पोहोचले. तसा फोन त्यांनी मोरी-सानना केला, आणि मला एक छोटा मेसेज केला, 'आलो.' सोमवारची ट्रायल त्यांनीच घेतली. ती एका दिवसात जमली नाही, दोन दिवस गेले, पण जमली. तो भाग मला नीट समजत नाही म्हणून लिहीत नाही. पोस्टिंग त्यांची राहिली.

गोष्ट इथे संपली असती. पण पुढच्या आठवड्यात मानेसरच्या कंपनीने आमच्याबरोबर मीटिंग ठेवली. काय चुकलं आणि पुढे काय करायचं, यासाठी. मी मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं त्याची नोंद, लिहायला गेले होते. मोरी-सान होते, त्यांच्या एचआरचे भाटिया सर होते. वैदेही मॅडमनी आमची चूक सरळ मान्य केली. सेव्हड रूट कोणत्या पासपोर्टसाठी आहे, हे आम्ही लिहून ठेवायला हवं होतं.

भाटिया सर म्हणाले, "देखिए, सिंपल सोल्यूशन है. ऐसे क्रिटिकल ट्रायल में आगे से जापान से ही बंदा भेज दिया करें. ट्रॅव्हल रिस्क ही खत्म."

मी लिहीत होते. 'ट्रॅव्हल रिस्क' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. ऑफिसात ती यादी बघून जो धक्का बसला होता तो काहीच नव्हता, असं मला त्या क्षणी वाटलं. मोरी-सानना माहीत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं. भाटिया सरांचा पासपोर्ट मात्र माझ्या वडिलांना मिळेल तसाच, भारतीय असणार. ते हे हसत हसत, सोय म्हणून सांगत होते.

"सर," मी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा आवाज बारीक आला. "सॉरी सर. रिस्क जाधव सर में नहीं था. रूट में था. हमने रूट बदल दिया, वो पहुँच गए. आप बंदा बदलेंगे तो... तो रूट तो वैसा ही रहेगा."

"बेटा, आप इंटर्न हैं ना?" भाटिया सर म्हणाले.

"जी सर."

मोरी-साननी मला विचारलं, काय म्हणालात ते इंग्रजीत सांगा. मी सांगितलं. व्याकरण चुकलं असेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाटिया सरांना विचारलं, "मेक्सिको लिस्ट. इंडियन इंजिनिअर्स. हाऊ मेनी?"

भाटिया सरांनी लॅपटॉपमध्ये बघितलं. "टू मोअर, सर. बट दॅट वॉज फॉर नेक्स्ट इयर, नॉट फायनल."

"गिव्ह हर द नेम्स," मोरी-सान म्हणाले.

मीटिंग संपली. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मिनिट्समध्ये स्वतःचं वाक्य लिहू नकोस. मोरी-सानचं लिही." तेवढंच.

या नोकरीत मला अजून फारसं काही येत नाही. एवढं मात्र कळलं. दोन विमानतळांमधलं अंतर सगळ्यांसाठी सारखं असतं, ते वेबसाइट सांगते. वेळ सगळ्यांसाठी सारखा नसतो, आणि तो सांगायच्या आधी प्रवास कोण करणार आहे ते विचारावं लागतं. ते पूर्वीच्या सगळ्या प्रवाशांना विचारायची गरज पडली नव्हती, एवढाच त्यातला घोटाळा.

त्या दोन नावांमधलं एक सुनीता यादव होतं, दुसरं इरफान शेख. दोघांच्या पासपोर्टच्या कॉपी मी त्याच दुपारी मागवल्या. तिकीट अजून कोणी मागितलेलं नव्हतं.